बदलून राहिले

माझा नवरा रोज सकाळी अकोल्याहून गाडीनं बडनेऱ्याला जातो आणि तिथून ऑटोनं अमरावतीला, आपल्या कॉलेजात शिकवायला. मी मात्र जठारपेठेतल्या आमच्या घरातून हलत नाही. खाली साड्यांचं दुकान, वर आम्ही, आणि मधल्या खोलीत माझं ऑफिस. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक लॅपटॉप आणि कानठळ्या बसवणारा कूलर. शेजारणींना वाटतं, मी दिवसभर टायपिंग करते. त्यांना समजावण्याचा नाद मी केव्हाच सोडला.

तुम्हाला मात्र सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चालू प्रोग्रॅम मध्येच थांबवून त्याच्या पोटात काय चाललंय ते दाखवणारं एक अवजार असतं, त्याला डिबगर म्हणतात. आमची पुण्याची कंपनी ते बनवते. ते खरं बोलतं की थापा मारतं, हे तपासणं माझं काम. त्या उन्हाळ्यात माझ्या वाट्याला व्हेक्टर रजिस्टरं आली होती. प्रोसेसरच्या आत आकडे ठेवायच्या जागा असतात, ते रजिस्टर. व्हेक्टर रजिस्टर म्हणजे त्यातलंच मोठं, आठ कप्प्यांचं, अप्पेपात्रासारखं. एक हुकूम सोडला की आठही कप्प्यांतलं काम एकदम होतं.

चाचणी ऐकायला सोपी. प्रोग्रॅम थांबवायचा, डिबगरमधून आठही कप्प्यांत आपले आकडे घालायचे, प्रोग्रॅम पुढे सोडायचा, पुन्हा थांबवायचा आणि आपण घातलेले आकडे जागेवर आहेत का ते पाहायचं. मी अकरा, बावीस, तेहतीस असे अठ्ठ्याऐंशीपर्यंत घालायची. चुकले की डोळ्याला लगेच खुपतात. आणि खुपलेच. चव्वेचाळीसपर्यंत सगळे जागेवर. वरचे चार मात्र गायब, आणि त्यांच्या जागी कधी शून्य, कधी कुठलातरी भलताच लांबलचक आकडा.

आधी मी स्वतःवरच संशय घेतला. आकडे पडद्यावर छापणारं फंक्शनच आतून हे रजिस्टर वापरतं, म्हणजे आपण बघायला जावं आणि बघण्यानंच वस्तू हलावी, असा प्रकार होऊ शकतो. म्हणून छापणं काढून टाकलं. मधलं सगळंच काढलं. दोन थांब्यांच्या मध्ये काही न करणाऱ्या सूचनांशिवाय काही ठेवलं नाही. तरी तेच. त्यात नवीन प्रोसेसरचं मशीन पुण्याच्या ऑफिसात आणि मी अकोल्यात. इथली वीज गेली की राऊटर जायचा, राऊटर गेला की थांबवून धरलेला प्रोग्रॅम हातचा जायचा, आणि पुन्हा श्रीगणेशा. त्या दिवसांत मी कूलरशी, राऊटरशी आणि वीज कंपनीशी मोठमोठ्यानं भांडत असे. उत्तर कोणीच देत नसे.

एवढी चिडचिड नुसत्या कामासाठी नव्हती. महिनाअखेरीस एक गोष्ट ठरायची होती. बाहेरगावाहून काम करणाऱ्यांपैकी कोणाला तसंच राहू द्यायचं आणि कोणाला पुण्यात बोलवायचं, हे आमचे साहेब ठरवणार होते. लग्नानंतरची कितीतरी वर्षं मी पुण्यात आणि नवरा इथे, अशा दोन चुली आम्ही पेटवल्या होत्या. एका शहरात पोळ्या, दुसऱ्या शहरात भाजी. घरून काम करायची सोय झाली तेव्हा कुठे आम्ही एका ताटाशी बसू लागलो. ते मोडलं असतं तर मी पुन्हा नव्यानं उभी राहिले नसते, हे मला पक्कं माहीत होतं.

तर, साहेब. जन्मानं आणि स्वभावानं पुण्याचे. माणूस वाईट नाही, पण त्यांची एक पद्धत होती. काहीही सापडलं की आधी फोनवर सांगायचं, मग चाचण्यांच्या निकालाच्या तक्त्यात ते स्वतः भरणार. परस्पर नोंद केलेली त्यांना खपायची नाही. ऐकणारे तेच, लिहिणारे तेच. मी दोनदा सांगून पाहिलं की सर, मीच लिहिते. ते म्हणाले, "कशाला? बोला की."

मी बोलले. त्या दिवशी वरचे चार कप्पे मी सकाळपासून पुन्हा पुन्हा तपासले होते आणि माझं डोकं फिरलं होतं. एरवी पुण्याशी बोलताना मी जपून बोलते. शाळेतल्या पुस्तकासारखं. पण डोकं फिरलं की तोंडातून वऱ्हाड बाहेर पडतं.

साहेबांनी विचारलं, "वरचे चार कप्पे काय म्हणतात?"

"बदलून राहिले ना, सर! प्रत्येक वेळी बदलून राहिले."

"प्रत्येक वेळी? वा! छानच."

"मग काय तर."

"ठीक आहे. पुढचं मी बघतो. तुम्ही आता दुसरं घ्या."

आता पुण्याच्या माणसानं 'वा, छानच' म्हटलं की तो टोमणा असतो, एवढं तिथे राहून मी शिकले होते. मला वाटलं, साहेबही वैतागले. डिबगर बनवणाऱ्यांची आता ते खरडपट्टी काढणार. मला इतकं बरं वाटलं की त्या संध्याकाळी मी खालच्या हातगाडीवरून आंबे आणून रस केला. नवऱ्यानं विचारलं, "आज कावून इतकी खूश?" मी म्हटलं, "मायं काम झालं."

महिना संपत आला आणि एका ग्राहकाची तक्रार आली. आमच्या डिबगरमध्ये रजिस्टरचा वरचा अर्धा भाग आपोआप बदलतो, त्यांचे हिशेब चुकले, त्यांच्या माणसांनी हकनाक दिवस घालवले. साहेबांनी मला कॉलवर बोलावलं. आवाजात बर्फ.

"ही चाचणी तुमच्याकडे होती."

"हो. आणि मी तेव्हाच सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं? तक्त्यात उत्तीर्ण लिहिलंय."

"तक्ता तुम्ही भरता, सर."

"तुम्ही सांगता तेच भरतो ना मी?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या ह्याच. मी म्हटलं, कॉल रेकॉर्ड होतात ना, लावा. तेही तेवढ्याच तोऱ्यात म्हणाले, लावतोच. आणि लावलं. कूलरची घरघर, आणि त्यावर माझाच चढलेला आवाज: बदलून राहिले ना, सर, प्रत्येक वेळी बदलून राहिले.

"ऐकलंत?" ते म्हणाले.

"ऐकलंत?" मीही म्हणाले.

आपण जिंकलो असं दोघांनाही वाटत होतं. ते आठवलं की आजही मला हसू येतं, पण तेव्हा कानशिलं तापली होती.

"तुम्ही म्हणालात," साहेब एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "की आकडे बदलले आणि तसेच राहिले. बदलून, राहिले. म्हणजे टिकले. चाचणी तीच होती ना?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि पाठोपाठ अंधार. "सर, बदलून राहिले म्हणजे बदलताहेत. अजून बदलताहेत. थांबतच नाहीयेत."

"असं कोण बोलतं?"

"अकोला बोलतं. अमरावती बोलते. येऊन राहिलो, जाऊन राहिलो, करून राहिलो. सगळं वऱ्हाड असंच बोलतं, सर."

ते हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. आणि त्यांचा 'वा' टोमणा नव्हता हेही मला तेव्हाच कळलं. तो खरोखरचा 'वा' होता. म्हणजे मी सांगितलेली चूक त्यांना यश वाटली, आणि त्यांची शाबासकी मला संताप. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही.

चूक डिबगरचीच निघाली. प्रोग्रॅम पुढे सोडताना तो रजिस्टर परत भरायचा, पण जुन्या, छोट्या रजिस्टरच्या हिशेबानं फक्त खालचा अर्धा. वरच्यात काय घातलं याची त्याला खबरच नव्हती. दुरुस्ती झाली. तक्ता बदलला. माझी माफी मात्र कोणी मागितली नाही, आणि मी इतके दिवस खपून पकडलेली चूक 'ग्राहकानं शोधली' म्हणूनच राहिली.

दोन दिवसांनी साहेबांचा फोन आला. मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. ते म्हणाले, "राहा तुम्ही अकोल्यात. काम चांगलं आहे तुमचं. फक्त एक करा, यापुढे कॉलवर नीट बोला. इंग्रजीत नाहीतर नीट मराठीत."

नीट! त्या शब्दाचा मला इतका राग आला की काय सांगू. ज्या बोलीत माझी आई मला रागावली, ज्या बोलीत नवऱ्यानं मला पहिल्यांदा चहाला विचारलं, ती नीट नाही. तिचा एक नियम तुम्हाला ठाऊक नाही म्हणून ती वाकडी. हे सगळं बोलायचं होतं. पण महिनाअखेर अजून उलटायची होती. मी मूग गिळले आणि म्हटलं, "हो सर. नक्की."

मग मी नीट बोलू लागले. मी वाईट शिकणारी नाही. काही शिकायचं ठरवलं की पाठ सोडत नाही. सकाळी चहा गाळताना मनातल्या मनात म्हणायची, करत आहे, तपासत आहे, बदलत आहेत. कॉलवर जीभ घसरायला लागली की टेबलाखाली स्वतःलाच चिमटा काढायची. हळूहळू चिमट्याची गरज उरली नाही. साहेब खूश. एकदा म्हणालेही, "आता कसं स्वच्छ कळतं." मी धन्यवाद म्हणाले. थँक्यू नाही, धन्यवाद.

परवाची गोष्ट. नवरा अमरावतीहून घामाघूम होऊन आला. गाडी बडनेऱ्यालाच अडकली होती. मी स्वयंपाकघरात पोह्यांसाठी कांदा चिरत होते. त्याचं जिन्यातलं पाऊल ऐकलं आणि आतूनच म्हणाले, "आज उशीर झाला तुम्हाला. मी पोहे करते आहे. तुम्ही हातपाय धुऊन घ्या, तोवर होतीलच."

थोड्या वेळानं तो स्वयंपाकघराच्या दारात आला. बूटसुद्धा काढले नव्हते. त्यानं आधी हेडफोन लावलाय का म्हणून माझ्या कानांकडे पाहिलं, मग मागे वळून मधल्या खोलीतल्या टेबलाकडे पाहिलं, आणि आवाज अगदी बारीक करून, पलीकडच्या माणसाला ऐकू जाऊ नये असा, विचारलं,

"काय वं, कोणाशी बोलून राहिली तू?"

लॅपटॉप बंद होता. घरात आम्ही दोघंच होतो.