जाळीतली गोबी आणि बांधावरची मोहरी

"येळवसला येऊन जा बाई. विहिरीजवळच्या वाफ्यावर बी औंदा जाळी टाकून राहिलो." दादाचा एवढाच फोन. मी लगेच रजा टाकली.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या, मार्गशीर्षातला शेतातच साजरा करायचा सण. आणि तो वाफा आमच्या आईचा. त्यात गोबी; पुण्यात तिला कोबी म्हणतात, आमच्या लोहा तालुक्यात पत्तागोबी. आई गेल्यावर दादानं बाकीच्या रानात जाळीचं बंदिस्त शेडनेट उभं केलं. उघड्यावरचा हा एकच तुकडा उरला होता. दादाला हात जोडायचे, पण तो वाचवायचा, हे ठरवूनच मी एसटीत चढले.

तुम्हाला येळवस बघायची असेल तर आदल्या दिवशीच पोचा. पुण्याहून बार्शीमार्गे लातूर, तिथून अहमदपूरवरून लोहा. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खिडकीची जागा मिळवणं हे खरं युद्ध. अमावस्येला मात्र सगळं लातूर शेतात असतं आणि गावात चहाची मारामार. पण कुणाच्याही रानात डोकावा, पोट फुटेपर्यंत जेवायला घालतात. "नको" म्हणून बघा, म्हणजे कळेल.

अहमदपूरच्या स्टँडबाहेर एक बाई भाजीवाल्याकडं गोबी दाबून बघत होती.

"जाळीतली हाय का भाईरची?"

"भाईरची हाय मावशी. अळी फुकट."

मी एकटीच खो खो हसले. आमच्या वाफ्यातली गोबीही अशीच, वरच्या पानांना भोकं असलेली. आई तिच्या कडेनं मोहरीची ओळ लावायची. अळीची बारकी करडी पाखरं मोहरीवर भुलतात, तिथंच अंडी घालतात आणि गोबी बरीचशी वाचते. माझ्या आठवणीतलं माहेर म्हणजे ती पिवळी ओळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीनं आधी शेडनेट दाखवलं. जंतुनाशकाच्या लालसर पाण्यात पाय बुडवायचे, एक दार लावायचं, मगच दुसरं उघडायचं. आत गड्डे कसे, परीटघडीचे! एका पानाला भोक नाही. मे महिन्यातही गोबी निघते, वहिनी कौतुकानं सांगत होती. मला मात्र आत करमेना. एक चिमणी नाही तिथं.

बाहेर कडब्याच्या कोपीत पूजा झाली. पालेभाज्या नि ओल्या दाण्यांची भज्जी, पिठाचे वाफवलेले उंडे, खीर, बाजरीची भाकरी, आणि मडक्यात ताकाची आंबील. मग "ओलगे ओलगे, सालम पोलगे" म्हणत पिकाभोवती आंबील शिंपडायची. शेडनेटमध्ये मात्र दादा थेंब पडू देत नाही, बुरशी येते म्हणतो. मागच्या वर्षी वहिनीनं बाहेरूनच जाळीवर आंबील उडवली, तर मुंग्यांनी जाळी काळी झाली होती. यंदा मडकं माझ्या हातात दिलं. आईच्या वाफ्याभोवती मी इतकी हळू फिरले की दादा ओरडला, "अगं, वरात हाय का?"

जेवणं झाल्यावर वहिनीला गाठलं. म्हटलं, एवढा तुकडा उघडा राहू द्या ना. आईनं कधी औषध फवारलं नाही, तरी गोबी यायचीच.

वहिनी भांडी आवरता आवरता म्हणाली, "आत्याबाईंच्या टायमाला अळी बी थोडी होती ताई. आता निस्त्या मोहरीनं भागंना गेलं. हप्त्याला पंप पाठीवर घेऊन फवारते मी. हाताची लई आग होती, रातच्याला भाकर खाववत न्हाई. जाळी आली की पंप सुटला."

माझी आठवण तिच्या पाठीवर होती.

तेवढ्यात दादा आला. "बोल बाई, काय म्हणून राहिली होतीस?"

"काही नाही. थोडी आंबील वाढ."

निघताना वहिनीनं दोन्हीकडचा एकेक गड्डा पिशवीत घातला आणि एका चिंधीत मोहरीचं बी बांधून दिलं. "आत्याबाईंचंच बी हाय. जाळीत आता त्याचं काय काम?"

पुण्यात दोन्ही गड्डे शिजवले. घरच्यांना जाळीतला आवडला, लुसलुशीत होता. उघड्यावरचा घट्ट, विळीवर करकरणारा, गोडसर. तो मी एकटीनं खाल्ला, डोळे पुसत. त्याची वरची भोकाची पानं टाकवेनात. ज्या कुंडीत मोहरी पेरली, तिच्यातच ठेवली.

मोहरी उगवली. आणि परवा तिच्या पानाला भोक दिसलं. पान उलटलं, तर बारकी हिरवी अळी. बोट लावताच धाग्याला लटकली. चौथ्या मजल्यावर! मी तशीच वहिनीला फोन लावला.

ती हसली. मग म्हणाली, "मारू नका ताई. माहेरची हाय ती."