घड्याळाचं झाकण

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर उभं राहून श्यामकांत तावडेचं निम्म्याहून जास्त आयुष्य गेलं, पण गड्याची ऐट काही उतरली नाही. आपल्या हातचा जॉब, म्हणजे घडवलेला भाग, कधी परत येत नाही, ही बढाई तो चारचौघांत मारतो आणि ती खरी असल्यामुळे ऐकणाऱ्याला जास्तच चीड येते. पंपाचे बुश, मशीनच्या पिना, कसल्या कसल्या चकत्या त्याने काढल्या. सगळ्या दुसऱ्यांच्या नावाने बाजारात गेल्या.

त्याचे वडील काशीराम गिरणी कामगार. त्यांचं चावीचं घड्याळ घरात पडून होतं. चालत होतं, पण घामाने मागचं झाकण पार खाल्लं होतं. यंदा मुलगी प्रांजल बारावीला. परीक्षेत स्मार्टवॉच चालत नाही, म्हणून ती सहज म्हणाली, "पप्पा, आजोबांचं घालू?" झालं, श्यामकांतच्या अंगात आलं! स्टेनलेस स्टीलच्या सळईतून त्याने नवं झाकण काढलं, पापडासारखं पातळ. जाड काय, कोणीही काढेल, असं त्याचं म्हणणं. वसाहतीतल्या ओळखीच्या प्रत्येक गाळ्यात तो ते दाखवून आला.

पहिल्याच पेपरला घोळ झाला. वर्ग शांत, आणि प्रांजलच्या मनगटावर टकटक टकटक. पुढच्या बाकावरची मुलगी सारखी मागे वळून बघायला लागली. वर्गावरच्या बाईंनी घड्याळ काढून आपल्या टेबलावर ठेवायला लावलं, तर लाकडावर ते जास्तच बोंबलायला लागलं. मग त्याची रवानगी वर्गाबाहेर, दप्तरात. वेळेचा अंदाज चुकला आणि प्रांजलचा शेवटचा प्रश्न अर्धा राहिला.

"गणिताच्या पेपरला हे नको, पप्पा. मी बॅटरीचं घेते," घरी आल्यावर तिने सांगून टाकलं.

श्यामकांतला ते फार लागलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा जॉब परत आला होता, आणि तोही पोटच्या पोरीकडून. घड्याळाचं मशीनच बिघडलं असणार, असं धरून तो तडक गावठाणात जॉनीकडे गेला. जॉनी घड्याळं दुरुस्त करतो, आणि श्यामकांतला तोंडावर बोलायची हिंमत असलेल्या थोड्या लोकांपैकी एक आहे. त्याने झाकण उघडलं, मशीन बाहेर काढून तळहातावर धरलं.

"ऐक. येतो आवाज?"

"नाही रे. जेमतेम."

जॉनीने तेच मशीन बिस्किटांच्या रिकाम्या डब्यावर ठेवलं. डबा टकटकायला लागला.

"कळलं? चावीचं घड्याळ म्हटलं की टकटक आलीच. आतलं चाक अडतं, सुटतं, परत अडतं, त्याचा आवाज तो. स्वस्तातल्या घड्याळात लोखंडी पिना आपटतात, भारीत खडे असतात, तिथे थोडा फरक पडतो. पण बाकीचा सगळा खेळ ह्या डब्याचा यार. मशीनभोवतीचं कडं कुठे गेलं?"

"सडलं होतं. फेकलं."

"वाट लागली! मशीन आत मोकळं, आणि खाली तू ढोलकीचं कातडं लावलंस. जाड झाकण कर आणि कडं घाल घट्ट."

"जाड म्हणजे शिकाऊ पोराचं काम!"

"मग प्रांजलला सांग, आजोबा जरा मोठ्याने बोलतात."

श्यामकांत तणतणत निघाला. पण दुसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी बुडवून त्याने लेथवर पितळेचं कडं काढलं आणि जाड झाकण काढलं. बसवून कानाला लावलं. आवाज होता, पण पोटातल्या पोटात. काम फत्ते झालं होतं आणि त्याला त्याची लाज वाटत होती. घरी येऊन घड्याळ उघडून त्याने ते झाकण प्रांजलपुढे सरकवलं.

"घे. झालंय जाडंभरडं."

प्रांजलने ते तळहातावर तोललं. "मस्त आहे की! पप्पा, ह्याच्यावर नाव मावेल. त्या पातळवर ठोकलं असतं तर भोकच पडलं असतं ना?"

"कुणाचं नाव?"

"तुझं. केलं कुणी?"

जॉबचे नंबर मारायचे इंग्रजी अक्षरांचे पंच, म्हणजे पोलादी ठसे, कारखान्यात होते. सकाळी कोणी यायच्या आत त्याने एकेक अक्षर धरून आपलं नाव ठोकलं. घाईत एक अक्षर तिरकं बसलं. पंचाच्या ठोक्याने अक्षरांभोवती वर उठलेल्या कडासुद्धा त्या गडबडीत घासायच्या राहिल्या. असा जॉब दुसऱ्याने दाखवला असता तर श्यामकांतने त्याला दारात उभं केलं नसतं.

गणिताच्या दिवशी पेपर सुटायच्या वेळेला तो केंद्राच्या फाटकाशी उभा होता. प्रांजल हसत बाहेर आली. कोणी मागे वळून बघितलं नव्हतं आणि घड्याळ शेवटपर्यंत हातात होतं. पट्टा जरा जास्तच आवळला होता, म्हणून तिने तो सोडला. खाली घामेजल्या मनगटावर उलट्या अक्षरांत बापाचं नाव उमटलं होतं, तिरक्या अक्षरासकट.

बाजूला उभ्या एका अनोळखी पालकाने सहज विचारलं, "कसा गेला तुमच्या मुलीला पेपर?"

श्यामकांतने प्रांजलचा हात धरून त्या माणसाच्या नाकासमोर नेला.

"हे बघा," तो म्हणाला, "हे मी केलंय."