कंपाउंडरकाकांची दाढी

नळदुर्गात मी नऊ वर्षं काढली, पण कंपाउंडरकाकांच्या गालाला हात लावायचा मान गावातल्या एकाही सलूनवाल्याला मिळालेला पाहिला नाही. केस कापायला ते जात. डोक्यावरचा कारभार निमूट सोपवत. पण सलूनवाल्याचा हात कानाच्या खाली घसरला रे घसरला की म्हणत, "बस्स. हितून खाली माझी हद्द."

मी कृषी सहायक म्हणून तिथं रुजू झालो आणि त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं राहू लागलो. पस्तीस वर्षं एका डॉक्टरांच्या दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधून काका घरी बसले होते. मुलगा पुण्याला. घरात ते आणि काकी. रोज सकाळी सातला अंगणातल्या पेरूच्या झाडाला ते आरसा टांगत, खाली स्टूल मांडत आणि दाढीला बसत. मी एकदा वरून घड्याळ लावून मोजलं, बेचाळीस मिनिटं. त्यात प्रत्यक्ष पातं गालावर फिरलं ते जेमतेम सात. बाकी सगळा फेस.

फेसाचं त्यांचं शास्त्र होतं. बोअरच्या खाऱ्या पाण्याला फेस धरत नाही, म्हणून शेजारच्या आडाचं गोडं पाणी, तेही कोमट. ब्रश त्यात भिजत ठेवायचा. मग मलमाच्या जुन्या बरणीतल्या साबणावर तो गोल गोल, न थांबता. "सायेब, हे औषध खलायचं काम हाय. घाई केली की गुण येत न्हाय. आन घ्यायचं कसं? दिवसातून एकदा, अनशापोटी." चहासुद्धा त्यानंतर.

पहिल्याच आठवड्यात मी शहाणपणा केला. म्हणालो, "काका, सलूनचा खर्च वाचत असेल नाही?" आत नेऊन त्यांनी कपाट उघडलं. पाच ब्रश, तीन रेझर, पात्यांची चळत, तुरटीचे खडे आणि साबण तर अकरा. हायवेवरच्या ढाब्यांवर थांबणारे ट्रकवाले त्यांच्या ओळखीचे, कोणी हैदराबादेहून चंदनाचा आणे, कोणी कुठून लिंबाचा. "ह्यात तुमाला वाचलेलं काय दिसतंय का?" काका म्हणाले. "वाचवायला न्हाय वो, घालवायला करतो. वेळ घालवायला. जलमभर दुसऱ्यांच्या पुड्या बांधल्या. सकाळची ही एक पुडी माझी."

स्वयंपाकघर अंगणाला लागूनच. तिथून काकींचा आवाज आला, "घावलं का नवीन गिऱ्हाईक? सायेब, नादी लागू नका. माझ्या धा भाकरी होत्यात तवर ह्यांचा एक गाल होतोय."

"आन तुझी भाकर रोज कशानं करपती गं मग?"

"ती करपती ना तुमच्याकडं बघून!"

हे रोजचं. मला तर वाटे, काकींनी टोमणा मारल्याशिवाय काकांचा फेस वर येतच नसावा.

तर मी नादी लागलो. काका म्हणाले, दाढी म्हणजे रान आहे, आधी उतार बघायचा. केस कुठं खाली जातात, कुठं आडवे, कुठं भोवरा आहे, हे कळल्याशिवाय पातं लावायचं नाही. त्यांनी मला तीन दिवस दाढी करू दिली नाही. चौथ्या दिवशी समोर बसवून, माझा चेहरा बोटांनी चाचपत, एका कोऱ्या कागदावर त्यांनी माझं तोंड काढलं आणि त्यावर बाण काढून दिले. माझ्या डाव्या जबड्याखाली म्हणे केस उलटे वर चढतात.

पाचव्या दिवशी मला जळकोटला मुलगी बघायला जायचं होतं. मी कागद आरशाशेजारी चिकटवला आणि बाणांबरहुकूम पातं फिरवलं. आता गंमत ऐका. काकांनी मला समोरून बघून काढलं होतं. म्हणजे कागदावर डावीकडं होता तो माझा उजवा गाल. आरशात मात्र डावा तो डावाच. गटाचे नकाशे घेऊन रोज शेतकऱ्यांना त्यांचे बांध दाखवत हिंडणारा मी सरकारी माणूस, मला स्वतःच्या तोंडाची दिशा कळली नाही. दोन्ही गाल उलटे तासले. सात ठिकाणी रक्त आलं. तुरटी लावल्यावर जी बोंब मारली, ती ऐकून काकी पिठाच्या हातानं जिना चढून आल्या.

सात जागी वर्तमानपत्राचे कपटे डकवून मी जळकोटला पोचलो. सहा काढले, सातवा हनुवटीवरच राहिला. मुलीला नि मला दोन मिनिटं बोलायला ओसरीवर बसवलं. तिनं विचारलं, "कुठं पडलात का?"

"नाही. दाढी केली."

"स्वतःच?"

"हो. हौस म्हणून."

ती तोंडावर हात ठेवून जी हसत सुटली ती आतून कोणी तरी खाकरेपर्यंत. पुढं लग्न झाल्यावर ती सांगे, थाप मारायला इतकी चांगली जागा असून हा माणूस खरं बोलला, म्हणून हो म्हटलं. काकांना मी कागदाची हकिगत सांगितली तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "नकाशा बरोबरच हुता सायेब. मालक उलटा निघाला."

सातव्या वर्षी काकांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाची बशी वाजायची, मग सदऱ्याची बटणं लागेनात. सोलापूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे पुरतं जाणार नाही, असंही सांगितलं. पस्तीस वर्षं औषधांत घालवलेल्या माणसाला ते फोडून सांगावं लागलं नाही. एका सकाळी हनुवटीला जरा खोल कापलं. काकींनी रेझर कपाटात ठेवून दिला आणि मुलानं पुण्याहून दाढीचं मशिन पाठवलं.

मशिन गुणाचं होतं. भुंग्यासारखं घोंघावलं की दोन मिनिटांत गाल साफ. पण काका सातला उठून अंगणात येत, भुंगा फिरवत आणि सात वाजून दोन मिनिटांनी त्यांच्यापुढं अख्खी सकाळ रिकामी पडलेली असे. ते स्टुलावर नुसते बसून राहत. गाल गुळगुळीत आणि चेहरा न धुतल्यासारखा. काकी आत भाकरी थापत, पण टोमणा नाही. तो थांबला तेव्हा मला खरी काळजी वाटली.

पंधरा दिवस बघितलं आणि मग मीच म्हणालो, "काका, मी करून देतो."

त्यांनी गालावरून हात फिरवला. हद्दीचा प्रश्न होता. शेवटी म्हणाले, "फेस माझा मी करणार."

बरणी मांडीत धरून दिली, हातात ब्रश दिला. थरथरता हात साबणावर टेकला मात्र, बघता बघता फेस चढायला लागला. बरणीच्या काठावरून खाली ओघळला. काका त्याच्याकडं बघत म्हणाले, "आयला! असा तर कधीच आला न्हवता." आणि हसले. दोन महिन्यांनी हसले.

पुढचं काम माझं. मी रेझर धरला, आणि पहिल्याच ओढीला त्यांच्या कानाखाली रक्ताचा थेंब उभा केला. थरथरत माझाच हात होता. मी दुसरीकडं पातं टेकवणार तेवढ्यात मागून आवाज आला, "सरका तिकडं."

काकींनी पदराला पीठ पुसलं, माझ्या हातून रेझर घेतला, डाव्या हाताच्या दोन बोटांनी काकांच्या गालाची कातडी ताणली आणि पातं वरून खाली आणलं. कानापाशी आडवं. गळ्याशी तिरकं. नाकाखाली दोन छोट्या ओढी, मध्ये पातं पाण्यात खळबळून घ्यायचं. कुठं थांबायचं, कुठं तोंड फुगवायला सांगायचं, सगळं बिनचूक. मी आ वासून उभा. काकांचे डोळे फेसाच्या वर एवढे मोठे झालेले.

"तुला गं कुणी शिकवलं?"

"चाळीस वर्सं काय नुसती तव्याकडं बघत हुते, वाटलं व्हय तुमाला?" काकी म्हणाल्या. "बोलू नका. कापंल."

त्या दिवशी मी जिना चढून वर निघून गेलो. खाली माझं काही काम उरलं नव्हतं.

पुढं माझी बदली भूम तालुक्यात ईटला झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. काका गेले त्यालाही आता दीड वर्ष झालं. मुलाचा फोन आला होता. त्यानं सांगितलं, आदल्या सकाळपर्यंत दाढी झाली होती. मला ते अखेरच्या दिवसांतले काका आठवत नाहीत. आठवतात ते माझं सामान टेम्पोत चढलं त्या सकाळचे. बायको पुढं जाऊन बसली होती, मी निरोप घ्यायला अंगणात गेलो. काका मुद्दाम सावकाश फेस करत होते. काकी रेझर धरून खोळंबलेल्या.

"आटपा की. चूल पेटलीया माझी."

"औषध हाय गं, घाई केली की गुण येत न्हाय."

मी थांबलो. टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न दिला, तरी थांबलो. दाढी झाली. काकांनी थरथरतं बोट जबड्यावरून फिरवलं, एका जागी अडवलं आणि म्हणाले, "हितं ऱ्हायलंय बघ जरासं."

काकींनी रेझर धुऊन झटकला. "ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "उद्याला नको का काय तरी?"