नकाशावर न दिसणारी कॉफी

आमच्या ऑफिसातले किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. दुबईच्या देऱ्यात चौथ्या मजल्यावर बसून वायनाडच्या डोंगरातल्या छोट्या कॉफीवाल्यांना निसर्ग कसा सांभाळायचा हे शिकवलं, की ते आपोआप साचतात. आमचा एसी बारा महिने अठरावर. खिडकी उघडतच नाही. कोपऱ्यातलं झाड प्लास्टिकचं, त्यावरची धूळ मात्र अस्सल!

कंपनी चहा-कॉफी विकते. पाकिटावर 'सस्टेनेबल' असं लेबल असलं की मरीना या श्रीमंत वस्तीतले कॅफे खुशीने घेतात, म्हणून हा विभाग काढलेला. माणसं तीन: विभागप्रमुख देशमुख सर, दुबईतच वाढलेली रोशनी, आणि मी.

तिकडच्या बाजूला एकट्या अन्नम्माचेची. चेची म्हणजे ताई. पंचवीस वर्षं नागपुरात नर्स होत्या, आता गावी कॉफी करतात आणि चाळीस शेतकऱ्यांचा गट चालवतात. आमच्याच सांगण्यावरून गटाने दोन वर्षं रासायनिक फवारणी बंद ठेवलेली, पीक कमी आलेलं. या हंगामात आम्ही माल उचलला नाही, तर गावचा व्यापारी म्हणेल तो भाव. चेचींनी शब्द दिला होता चाळीस घरांना, आणि आम्ही चेचींना.

*

रोशनीने एकशे बारा प्रश्नांचा फॉर्म बनवला. त्यात एक प्रश्न होता, शेतापासून नदी किती मीटर?

चेचींनी लिहिलं, "मे महिन्यात की ऑगस्टमध्ये?"

"इट्स अ नंबर फील्ड!" रोशनी वैतागली. मला फोन करायला लावला.

"मग नदीलाच सांग ना बाप्पा," चेची म्हणाल्या, "एका जागी राहा म्हणून!"

शेवटी रोशनीने शून्य टाकलं. तेव्हापासून आमच्या रेकॉर्डप्रमाणे गटाची सगळी कॉफी पाण्याखाली आहे.

*

मग सरांनी ऑनलाइन ट्रेनिंग घेतलं. विषय: कॉफीला सावली देणारी झाडं.

"चेची, लाइट लावा हो. कोणाचाच चेहरा दिसत नाहीये."

"सर, दुपारचे बारा वाजलेत जी. फणसाखाली बसलोय आम्ही."

सर "गुड, गुड" म्हणाले आणि पुढची स्लाइड लावली: 'सावली का हवी?' तासभर समजावलं. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटोत फक्त दात आले.

*

चव घेण्याचंही ट्रेनिंग झालं, आमचं. चमचाभर कॉफी जोरात, आवाज करत ओढायची, म्हणजे चव तोंडभर पसरते. सर दोन दिवस शिकले आणि दोन्ही दिवस ठसकले. गोदामातले शिंदे पोती ठेवायला आले होते, राजापूरचे. त्यांच्या हातात सहज चमचा दिला. त्यांनी असा काही भुरका मारला की ट्रेनर उभाच राहिला!

"कुठे शिकलात?"

"बशीत!" शिंदे म्हणाले आणि पुढचं पोतं उचलायला गेले.

*

खरा घोळ नकाशाने केला. नवीन सॉफ्टवेअर आलं. ते उपग्रहाच्या फोटोत बघतं की शेतासाठी जंगल तोडलंय का. दाट झाडी दिसली की त्याच्या लेखी ते जंगल, आणि जंगलात शेत म्हणजे गुन्हा. चेचींच्या गटाने फणस, सिल्व्हर ओक, मिरीचे वेल सगळं राखलेलं, त्यामुळे चाळीसच्या चाळीस शेतं लाल. शेजारच्या डोंगरावर एका बड्या मळेवाल्याने फार पूर्वीच सगळं साफ केलंय. तो हिरवा!

सरांनी नकाशा लहान-मोठा करून पाहिला.

"एक काम करूया," सर म्हणाले. "त्यांना थोडी झाडं कापायला सांगू. शेत दिसलं की पास!"

मी हसले. सर हसत नव्हते. मला तेव्हा या नोकरीची पहिल्यांदा खरोखर लाज वाटली. सरांच्या सहीने अपवाद करता येतो, पण सॉफ्टवेअरच्या पुढे जायचं म्हटलं की सरांचं एकच उत्तर, "इन्शाल्ला." म्हणजे देवाची इच्छा असेल तेव्हा.

*

कॉफीच्या तोडणीला महिना राहिला असताना चेची दुबईत आल्या. आम्हीच बोलावलं होतं, मरीनातल्या हॉटेलात आमच्या स्टॉलवर 'शेतकरी' म्हणून उभं राहायला. लोक सेल्फी काढत होते. चेचींनी साडीवर दोन स्वेटर घातलेले.

"आमच्या हॉस्पिटलात मुडद्यांची खोली याच्यापेक्षा गरम होती," मला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या थेट ऑफिसात आल्या. सरांसमोर मालखरेदीचा करार ठेवला. "सर, सही करता की नाही? घरी जाऊन चाळीस जणांना काय सांगू?"

सरांनी मोठ्या स्क्रीनवर नकाशा लावला. "बघा ना चेची. तुमचं शेत सिस्टिमला दिसतच नाही. मी तरी काय करू?"

चेचींनी चष्मा लावून नकाशा नीट पाहिला. "माझं नाही दिसत, तर तुमचं दाखवा."

"आमचं? आमचं शेत कुठंय?"

"हे काय, खाली." त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. खाली आमच्या बिल्डिंगचं पार्किंग होतं.

सर "खलास, खलास", म्हणजे पुरे आता, म्हणेपर्यंत रोशनीने पार्किंगवर पिन टाकली, पिकापुढे 'कॉफी' लिहिलं आणि बटण दाबलं. चाक थोडं फिरलं. मग हिरवी खूण आली: 'जंगलतोड नाही. शेत मंजूर.'

सरांनी करार पुढे ओढला आणि कोणाकडेही न बघता पानापानावर सही केली. चेचींनी कागद नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला, चेन लावली आणि पुन्हा खिडकीतून खाली पाहिलं.

"सर, इथली तोडणी कोणत्या महिन्यात असते जी?"