हितेंद्रची खुशाली

मे महिन्यातल्या त्या वादळाचं नाव आमच्या चाळीत कुणालाच धड घेता आलं नाही. तौक्ते, ताऊते, टाकते, ज्याने त्याने आपापल्या सोयीने म्हटलं. वादळाने मात्र पत्ता बरोबर शोधला. परळच्या आमच्या चाळीचा तिसरा मजला, जिन्यापासून शेवटची खोली, जाईकाकीची. सोमवारी दुपारी तिच्या डोक्यावरचे चार पत्रे खिळ्यांसकट उपटून गेले. त्यातला एक पलीकडच्या टॉवरमधल्या पोहण्याच्या तलावात सापडला.

टॉवरचा वॉचमन तो पत्रा घेऊन आला तेव्हा चिंतामणीकाकांनी गंभीर चेहऱ्याने त्याला विचारलं, पाण्यात उतरण्याआधी आमच्या पत्र्याने आंघोळ केली होती ना? अख्खी गॅलरी हसली. जाईकाकी हसली नाही. ती माझ्या दारापाशी स्टुलावर बसली होती आणि खोलीच्या उघड्या माथ्यातून दिसणाऱ्या आभाळाकडे बघत होती. रडत नव्हती, वादळाला शिव्याही घालत नव्हती. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

कारण जाईकाकीचं तोंड गप्प बसणारं नव्हे. मालवणकडची बाई, लग्न होऊन इथे आली, नवरा गिरणीत. गावाकडून आलेल्या एकट्या पुरुषांसाठी तिने खानावळ चालवली. तीस-तीस माणसं दोन पाळ्यांत जेवायची. पानात भात टाकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी नुसती पेज मिळायची आणि वर चार शब्द ऐकावे लागायचे. गिरणी बंद पडली, माणसं गावाला गेली, नवराही वारला. ती राहिली. अजून चाळीतल्या निम्म्या घरांचा मालवणी मसाला तीच करते.

तिचा एकुलता मुलगा हितेंद्र. बापाशी भांडून तो अंकलेश्वरला एका केमिकल कारखान्यात लागला, त्याला पंधरा वर्षं झाली. परत चाळीत पाऊल टाकलं नाही. पण त्याची खुशाली आम्हाला रोज कळायची. सकाळी दुधाची पिशवी घेऊन येताना चिंतामणीकाका तिच्या दाराशी थांबायचे आणि विचारायचे, काय म्हणतात आमचे हितेंद्रराव? मग काकी सांगायची. त्याला बढती मिळाली, त्याला सर्दी झाली, त्याने स्कूटर घेतली. नळावर मीही विचारायची. मनातून मात्र मला त्या मुलाचा राग होता. एकदा मी तिला तोंडावर म्हटलंसुद्धा, कसला गं हा मुलगा, आईला भेटायला येत नाही. "वेळ गावाक होयो मा गो," वेळ मिळायला हवा ना, एवढंच म्हणून तिने बादली उचलली.

असो. मंगळवारी वीज आली आणि चाळ कामाला लागली. लॉकडाऊनमुळे सगळे घरीच होते. पोरांनी खोलीवर ताडपत्री बांधली. काकीची गादी, गोधड्या, लुगडी कठड्यावर ओळीने वाळत पडली. झोपायला ती माझ्याकडे आली आणि जेवणाच्या वेळा घरांनी वाटून घेतल्या. चिंतामणीकाकांनी जाहीर केलं की खानावळवालीची आता खानावळ लागली आहे, पानात टाकलं तर पेज मिळेल. काकीने चार घास खाल्ले आणि ताट सरकवलं. तिला पेज द्यायची हिंमत कुणाची नव्हती.

तिची ट्रंक माझ्या वाट्याला आली. आत सगळे कागद भिजून एकमेकांना चिकटले होते. रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, नवऱ्याचा गिरणीचा पास. मी एकेक सोडवून, वरखाली जुनी ओढणी घालून, मंद इस्त्रीने वाळवत होते. तळाशी एक प्लास्टिकची पिशवी होती, तिच्यातही पाणी शिरलेलं. आत एकच कागद. वर गुजराती, खाली इंग्रजी. मृत्यूचा दाखला. नाव हितेंद्रचं. साल दोन हजार पंधरा, फेब्रुवारी.

मला वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. त्या दोन महिन्यांत चाळीतूनच तीन माणसं गेली होती, रोज फोनवर कुणीतरी गेल्याचं कळत होतं, बहुधा आतलं सगळं बधिर झालं होतं. मी इस्त्री फिरवत राहिले. कागद कोरडा झाला, तशी घडी घालून पिशवीत ठेवला आणि पिशवी ट्रंकेच्या तळाशी. मग आठवलं, त्याच फेब्रुवारीत काकी पंधरा दिवस मुलाकडे जाऊन आली होती. येताना अख्ख्या मजल्याला फरसाण आणलं होतं. मी मिटक्या मारत खाल्लं होतं.

मी राजेशलाही सांगितलं नाही. नवऱ्याच्या पोटात गोष्ट राहत नाही. ठरवलं एवढंच, की यापुढे तिला हितेंद्रबद्दल विचारायचं नाही. दर वेळी तिला खोटं बोलायला लावायचं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. बुधवारी विचारलं नाही. गुरुवारीही नाही. माझ्याच खोलीत ती समोर बसलेली आणि मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून. चहा ठेवताना तिने माझ्याकडे दोनदा पाहिलं. मी साखरेचं विचारलं. त्या दिवशी दुपारी तिने ताटाला हातही लावला नाही.

आणि चिंतामणीकाका? त्यांचं चालूच. "काय म्हणतात हितेंद्रराव? आईचं छप्पर उडाल्याचं कळलं का साहेबांना?" शुक्रवारी सकाळी हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी त्यांना जिन्याशी गाठलं. वयाचा मान बाजूला ठेवून सांगितलं की चेष्टेला काही सुमार असतो, त्या बाईला त्या मुलाचं विचारू नका, कारण मला विचारू नका, पण बंद करा.

काकांनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "दाखला सापडला वाटतं," ते म्हणाले.

काकांनी मग सावकाश सांगितलं. कारखान्यातून फोन त्यांच्याच घरी आला होता, हितेंद्रने तोच नंबर दिलेला. नाशिकला पुतणीच्या लग्नाला जातो असं चाळीत सांगून ते जाईकाकीबरोबर अंकलेश्वरला गेले. कापडबाजारात एका पेढीवर त्यांनी जन्मभर कारकुनी केलेली, गुजराती येत होतं, म्हणून कागदपत्रंही त्यांनीच केली. अग्नीही त्यांनीच दिला. फरसाणही त्यांनीच घेतलं, कारण रिकाम्या हाताने गेलो तर लोक विचारतील असं काकी म्हणाली होती.

"मग रोज विचारता कशाला?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"परतताना गाडीत तिने एवढंच मागून घेतलं," काका म्हणाले. "म्हणाली, गेला म्हणून सांगितलं तर चाळ दहा दिवस येईल, रडेल. अकराव्या दिवसापासून त्याचं नाव कुणी काढणार नाही. मला सांभाळून घेतील आणि त्याला विसरतील. तुम्ही विचारत राहा. आणि तू परवा विचारायची थांबलीस ना, ते तिने मला त्याच दिवशी सांगितलं. ती जेवत का नाही, कळलं आता?"

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. चार दिवसांत पहिल्यांदा काहीतरी झालं, एवढं खरं. मी चांगुलपणा करायला गेले होते आणि तिच्या घरात उरलेला तो एकुलता मुलगा मीच घालवून बसले होते.

दुपारचं जेवण माझ्याकडे होतं. डाळ-भात, तळलेला बांगडा. ताट ठेवलं आणि समोर बसले. फटकळ माणसाची एवढीच पंचाईत, नको तिथे तोंड चालतं, हवं तिथे टाळ्याला चिकटतं. काकीने ताट बाजूला सरकवलं.

"वाचलंस?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"मगे आता इचार."

माझे डोळे भरले होते, पण तिचे कोरडे होते, म्हणून मीही पुसून घेतले. आणि नळावर विचारायची तसंच विचारलं, "हितेंद्र कसा आहे, काकी?"

"बरो आसा," ती म्हणाली आणि ताट जवळ ओढलं. "कालच सांगी होतो, आये, पत्रे ह्या टायमाक घट्ट मारून घे."

मी म्हटलं, "बरोबर सांगतोय तो."