न प्यालेलं पाणी

पैशाच्या बाबतीत इतका बेभरवशाचा आणि पाण्याच्या बाबतीत इतका काटेकोर माणूस उभ्या शिरूर-दौंडात दुसरा सापडायचा नाही. हे माझे साडू. दौंडला राहतात. आधी त्यांनी बर्फाचा कारखाना काढला, तो बुडाला. मग एमआयडीसीत कामगार नेणाऱ्या गाड्या घेतल्या, त्या चालल्या, तर हे इन्कम टॅक्स भरायचा विसरले. दोन्ही वेळा दिवाळं निघालं. दुसऱ्यात माझे दोन लाख होते. पहिला अनुभव असताना दिले कसे, हे मला विचारू नका.

त्यांचा नियम असा, की ज्याचं देणं आहे त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही. देणं बुडालं तर चालेल, पाणी चालणार नाही. कवठे येमाईच्या एका लग्नात नवरीचा बापच यांचा घेणेकरी निघाला, म्हणजे पैसे त्याचे आणि देणं यांचं. तर हे भर पंगतीत पिशवीतून भाकरी आणि पाण्याची बाटली काढून बसले. तो बिचारा हात जोडून थकला. "बुंदी वासाला लई चांगली हाय," एवढंच म्हणाले.

हे मी हसून सोडलं असतं. पण आक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, नवऱ्याचा नियम पाळणार. आमच्याकडे येऊन पाणी न पिता उठणं तिला जमेना, म्हणून तिनं येणंच बंद केलं. सहा वर्षं दोघी बहिणी शिरूरच्या एसटी स्टँडवर बाकावर भेटत आल्या.

गेल्या महिन्यात कोर्टानं साडूंना दिवाळ्याच्या देण्यांतून दुसऱ्यांदा मोकळं केलं. निकालाची प्रत घेऊन दोघं दारात हजर. बायकोनं तांब्या पुढं केला. साडू पायरीवरून हलेनात.

"कोर्टानं सोडलंय. पर पैसं तुमचं हुतं, पाव्हणं. कोर्टाचं न्हवतं."

माझं डोकं सणकलं. पैसे बुडवायचे यांनी, आणि सोडले म्हणायचं मी. सहा वर्षं पाठ केलेलं भाषण तोंडाशी आलं. मागं फाटकाशी आक्का चप्पल न काढता उभी होती, तांब्याकडं बघत.

"सोडले," मी म्हणालो. "प्या आता."

त्यांनी तांब्या रिकामा केला.

"आणि इन्कम टॅक्सचं काय?" मी विचारलं.

"त्ये कोर्टालाबी सोडता येत न्हाई. भरतोय हप्त्यानं. पर त्येंच्या घरी कुठं च्या प्यायला जायचंय?"

आत दोघी बहिणी चहात आलं किती घालायचं यावरून भांडायला लागल्या होत्या. ते दोन लाख मी अजून विसरलेलो नाही. पण त्या दुपारी चहा पार निवेपर्यंत मी ते भांडण ऐकत बसलो.