ओव्हनमधल्या दादरचे तीन कोंब

अन्वय, सई,

तुमच्या आजीने दाराला कधी लिंबू-मिरची बांधली नाही, की मांजर आडवं गेलं म्हणून पाऊल थांबवलं नाही. तरी हे लिहून ठेवते आहे…

१९६८चा मे. जळगावला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मी सुट्टीत धुळ्याच्या एका बियाणे-प्रयोगशाळेत काम शिकायला गेले. सुरुवातीला चिमट्यातून दाणे निसटायचे. तिथले जुने मदतनीस नाना हसून अहिराणीत म्हणायचे — "पोरी, दाना शे तो, इच्चू नही!" महिनाभरात मात्र नुसता दाणा चावून मी ओलावा सांगू लागले. मग प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी मला एकटीला काम दिलं. तिथेच घात झाला.

दोन बशा होत्या. एकीतली साधी ज्वारी ओलावा मोजण्यासाठी ओव्हनमध्ये सुकवायची होती. दुसरीत दादर — आपली रब्बीची ज्वारी. सरांनी सहा वर्षं निवडत आणलेलं वाण. बाकी बी किडीने गेलेलं, उरलेले हे चाळीस दाणे उगवायला घालायचे होते. मला आता बशीवरची चिठ्ठी कशाला वाचायला हवी? हातानेच ओळखून बशी आत ठेवली. एकशे तीस डिग्री, चार तास.

आत दादर गेली हे कळलं तेव्हा नानांनी एक दाणा चावला. काचेसारखा फुटला.

"बठ्ठा मरी गयात, पोरी." बठ्ठा, म्हणजे सगळेच्या सगळे.

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. "सहा वर्षं…" एवढंच म्हणाले आणि बसून राहिले.

मी ते एकोणचाळीस दाणे ओल्या टीपकागदावर मांडले. कागद सुकू दिला नाही. "उगवा हो…" म्हणून दाण्यांच्या विनवण्या करत होते — मी, विज्ञान शिकणारी!

"सर, हाई पोरले घर धाडा," नाना म्हणाले, "येडी व्हई जाई."

पाचव्या सकाळी तीन दाण्यांना पांढरे कोंब होते.

सरांनी भिंगातून पाहिलं. दुसरी बशी तपासली — साधी ज्वारी जशीच्या तशी, म्हणजे दाणे मिसळले नव्हते. मग दुसरी दादर आणून त्याच ओव्हनमध्ये, तितकाच वेळ, तीनदा तापवली. एकही दाणा उगवला नाही.

त्या तीन रोपांवरून सरांनी पुन्हा बी धरलं. ते कोंब का आले, मला आजही माहीत नाही.

पुढे अठ्ठावीस वर्षं मी कॉलेजात शिकवलं — इतक्या उष्णतेत बीजातला जीव टिकत नाही. ते खरंच आहे. पण हे वाक्य आलं की मी फळ्याकडे वळत असे. मुलांकडे बघून ते मला कधीच सांगता आलं नाही.